तीन ड्राइव्ह, एक डिस्क

मराठी पुस्तकांची अक्षरजुळणी करणं आणि पानं लावणं हे माझं काम. पेजमेकरच्या काळापासून मी ते करते आहे. मजकुरात माझ्या हातून झालेल्या चुका लेखकांनी आणि मुद्रितशोधकांनी वेळेत पकडल्या. ज्या चुका पकडायला कोणी नव्हतं, त्या यंत्राच्या बाबतीतल्या होत्या. लॅपटॉपच्या कडेला कुठली भोकं आहेत आणि त्याच्या पोटात कुठले ड्राइव्ह आहेत, हे मला माहीत आहे असं मी धरून चालले होते. त्या समजाची किंमत मी मोजलीच, पण माझ्यावर विश्वास टाकणाऱ्यांनी ती माझ्याहून जास्त मोजली.

२००८ साली मी पहिला लॅपटॉप घेतला. प्रकाशकाकडे बसून लेखकासमोरच दुरुस्त्या करता याव्यात, एवढाच हेतू होता. डिस्क १६० जीबीची होती. दुकानदाराने विंडोज टाकून दिलं आणि नेहमीप्रमाणे सी, डी, ई असे तीन ड्राइव्ह करून दिले. घरी येऊन मी तिघांची बेरीज केली, तर ती १४९ भरली. अकरा जीबी कमी दिले म्हणून मी दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन चार लोकांसमोर त्या माणसाशी वाद घातला. त्याने कमी काहीच दिलं नव्हतं. डिस्क बनवणारे शंभर कोटी बाइटांना एक जीबी म्हणतात आणि विंडोज १,०७,३७,४१,८२४ बाइटांना एक जीबी मोजतं. माप तेच, मोजण्याची पट्टी वेगळी. हे मला पुढे कळलं. ज्याच्याशी भांडले त्याला जाऊन सांगावं, तर तोवर ते दुकान उठलं होतं.

त्या वादात मी एक प्रश्न विचारायला हवा होता, तो विचारला नाही. १६० जीबीची डिस्क एकच घेतली असताना हे तीन ड्राइव्ह आले कुठून?

स्क्रीनवर मात्र सगळं पटण्यासारखं होतं. ‘माय कॉम्प्युटर’ उघडलं की तीन वेगळी चित्रं दिसायची. प्रत्येकाला वेगळं नाव, प्रत्येकात किती जागा उरली आहे त्याचा वेगळा आकडा. विंडोज बिघडलं तर दुरुस्तीवाला फक्त सी फॉरमॅट करायचा आणि डीमधलं काम जसंच्या तसं राहायचं. असं दोनदा झाल्यावर माझी खात्रीच पटली की डी आणि ई ही सीपासून वेगळी, सुरक्षित ठिकाणं आहेत. मग मी शिस्त लावून घेतली. दिवसभर डीवर काम करायचं आणि रात्री लॅपटॉप बंद करण्याआधी कामाचा फोल्डर ईवर कॉपी करायचा. माझ्याकडे काम शिकायला येणाऱ्या मुलींना मी हीच शिस्त शिकवली. आमच्याकडे बॅकअप घेतात, असं प्रकाशकांना अभिमानाने सांगायची.

त्या सुमारास सातारा जिल्ह्यातल्या एका निवृत्त पशुवैद्यांच्या आठवणींचं पुस्तक माझ्याकडे आलं. आम्ही सगळे त्यांना डॉक्टर म्हणायचो. फुलस्केप कागदावर पाठपोट लिहिलेलं हस्तलिखित होतं, अक्षर मोठं आणि सरळ. पहिलं प्रूफ झालं, त्याची सीडी करून मी प्रकाशकाला दिली. दुसऱ्या प्रुफात डॉक्टरांनी पुष्कळ बदल केले. १९७२च्या दुष्काळातल्या गुरांच्या छावणीचं प्रकरण मूळ हस्तलिखितात दीड पानांचं होतं. प्रूफ वाचताना त्यांना बरंच काही आठवलं असावं, कारण त्या पानाच्या समासात, मग वरच्या मोकळ्या जागेत आणि शेवटी पानाच्या मागे त्यांनी हिरव्या शाईने एक मोठा परिच्छेद लिहिला होता. ओळी वळत वळत गेल्या होत्या आणि त्या कुठे जोडायच्या ते बाणांनी दाखवलं होतं. तो टाइप करायला मला अर्धी सकाळ लागली. तिसरं प्रूफही वाचून आलं. दुरुस्त्या घातल्या, अनुक्रमणिका लावली. मग टेबलावरचा पसारा आवरताना जुन्या प्रुफांचे गठ्ठे मी रद्दीत घातले. दुरुस्त केलेली फाईल डीवर होती आणि ईवरही होती. कागद ठेवण्याचं कारण मला दिसलं नाही.

२०११च्या पावसाळ्यात एका सकाळी लॅपटॉप चालू केला आणि आतून टक्, टक्, टक् असा आवाज येऊ लागला. एका लयीत, थोडा थांबून पुन्हा. विंडोज उघडायला फार वेळ लागला, पण उघडलं. डी ड्राइव्ह दिसत होता, डॉक्टरांच्या पुस्तकाचा फोल्डरही दिसत होता. त्या क्षणी घरातल्या पेनड्राइव्हवर तो एक फोल्डर कॉपी करायला हवा होता. मी तसं केलं नाही. ईवर प्रत आहे, या भरवशावर मी आवाज बंद करण्याच्या मागे लागले. लॅपटॉप बंद केला, चालू केला. पुन्हा बंद, पुन्हा चालू. मग कोणीतरी फोनवर सुचवलं म्हणून विंडोजची चेक डिस्क ही तपासणी लावली आणि ती पूर्ण व्हावी म्हणून तीन-चार तास यंत्र तसंच चालू ठेवलं. संध्याकाळी काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरांत एवढंच आलं की डिस्क सापडत नाही.

हार्ड डिस्कच्या आत आरशासारख्या चकत्या असतात. लॅपटॉपमध्ये त्या सहसा मिनिटाला ५४०० वेळा फिरतात आणि वाचणारं-लिहिणारं हेड त्यांच्यावर अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावर, चकतीला न टेकता तरंगत असतं. आपला केस या अंतराच्या हजारो पट जाड असतो. हेड बिघडलं की चकतीवरच्या खुणा त्याला सापडत नाहीत. ते मागे जातं, पुन्हा प्रयत्न करतं, पुन्हा मागे येतं. तोच तो टक् टक् आवाज. हेड चकतीला टेकू लागलं असेल, तर प्रत्येक वेळी यंत्र चालू केल्यावर ते तिच्यावरचा थर थोडा थोडा खरवडत जातं. सकाळी जे वाचता येत होतं ते दिवसभराच्या माझ्या प्रयत्नांनी नाहीसं केलं. आवाज ऐकून यंत्र बंद केलं असतं आणि पुन्हा चालूच केलं नसतं, तरी बरंच काही वाचलं असतं.

दुसऱ्या दिवशी पुण्यातल्या तपकीर गल्लीत एका दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याने लॅपटॉप उलटा केला, दोन स्क्रू काढले, एक झाकण उचललं आणि तळहातावर मावेल अशी एक चपटी धातूची डबी सरकवून बाहेर काढली. अडीच इंची हार्ड डिस्क. ती माझ्या हातात देत तो म्हणाला, “ही गेली.”

मी विचारलं, “ही डी आहे की ई?”

तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला. मग शांतपणे म्हणाला, “ताई, आत एवढी एकच असते. नावं तीन आहेत.”

तीन वर्षं रोज रात्री मी जी प्रत घेत होते ती त्याच डबीत, त्याच चकतीच्या दुसऱ्या पट्ट्यावर घेत होते. एका कपाटाच्या वरच्या कप्प्यातला दागिना खालच्या कप्प्यातही ठेवावा आणि कपाटच चोरीला जावं, तसं ते झालं. डेटा काढून देणाऱ्या एका ठिकाणी डिस्क पाठवली. त्यांनी ती उघडून पाहिली आणि चकतीवर चरे आहेत, काही मिळणार नाही, असं कळवलं.

इतर पुस्तकांचे कागद होते, ती पुन्हा केली. वेळ गेला, पैसे गेले, एका प्रकाशकाचं काम गेलं. डॉक्टरांच्या पुस्तकाचं मात्र जे उरलं ते पहिल्या प्रुफाच्या सीडीवर होतं. पुढच्या दोन वाचनांमधल्या सगळ्या दुरुस्त्या गेल्या होत्या आणि त्यांचे कागद मी स्वतः रद्दीवाल्याला दिले होते.

फोनवर सांगण्याचं धाडस झालं नाही. पहिल्या प्रुफाच्या नव्या प्रिंट घेऊन मी त्यांच्या गावी गेले आणि घडलं ते सांगितलं. ते रागावले नाहीत. “बरं, परत वाचू,” एवढंच म्हणाले. पण तोवर त्यांना मोतीबिंदूमुळे बारीक अक्षर दिसत नव्हतं. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, मोठ्याने वाचायच्या आणि ते ऐकून दुरुस्ती सांगायचे. रोज चार-पाच पानं, त्याहून जास्त दोघांनाही झेपायची नाहीत. छावणीच्या प्रकरणापाशी आल्यावर ते मला फोनवर म्हणाले, “ताई, इथे मी बरंच लिहिलं होतं ना? तुम्ही टाइप केलंत, तुम्हाला काही आठवतंय?”

मला आठवत नव्हतं. रात्री कंदील घेऊन छावणीतून फिरण्याविषयी काहीतरी होतं, भुकेल्या जनावरांच्या आवाजाविषयी होतं, एवढंच. आमच्या कामात मजकूर डोळ्यांतून बोटांत जातो. ऱ्हस्व-दीर्घ लक्षात राहतं, वाक्य राहत नाही. अर्धी सकाळ मी तो परिच्छेद शब्दाशब्दाने माझ्या हातांनी उमटवला होता आणि त्यातलं एक वाक्यही मी त्यांना परत देऊ शकले नाही. त्यांनी आठवून पुन्हा लिहिलं, ते पाच ओळींत आटोपलं. पुस्तकात त्याच पाच ओळी आहेत.

नवा लॅपटॉप घेतल्यावर मी आधी दुरुस्तीवाल्याकडे बसून शिकले. विंडोजमध्ये डिस्क मॅनेजमेंट नावाची एक खिडकी असते. तीत प्रत्येक खऱ्या डिस्कची एक आडवी पट्टी दिसते, ‘डिस्क ०’, ‘डिस्क १’ अशी, आणि सी, डी, ई हे त्या पट्टीवर पाडलेले तुकडे असल्याचं उघड दिसतं. ही खिडकी माझ्या जुन्या यंत्रातही पहिल्या दिवसापासून होती.

प्रत बाहेर ठेवायची म्हणून मी यूएसबीवर चालणारी पोर्टेबल हार्ड डिस्क घेतली. ती मध्येच गायब व्हायची आणि पुन्हा दिसायची. डिस्क खराब आहे म्हणून मी ती बदलून आणली. बदललेलीही तशीच वागायला लागली. त्याच वेळी काम करता करता फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं लॉक सापडत नाही असा संदेश यायचा. मराठी अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरबरोबर एक डोंगल येतं, ते यूएसबीत लावलेलं असल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही. ही दोन वेगवेगळी दुखणी आहेत असं समजून मी दोन वेगवेगळ्या माणसांना बोलावत राहिले. दोन्हींचं मूळ एकच होतं. लॅपटॉपला तीनच यूएसबी पोर्ट, म्हणून मी एक स्वस्तातला हब लावला होता. त्यावर माउस, कीबोर्ड, डोंगल आणि डिस्क अशी सगळी मंडळी बसवली होती. यूएसबी २.० चं एक पोर्ट ५०० मिलिअँपिअर वीज देण्यासाठी बांधलेलं असतं. फिरत्या डिस्कला सुरुवातीचा वेग पकडतानाच याहून जास्त वीज लागू शकते. मी त्याच एका पोर्टच्या विजेवर चौघांना पोसत होते. वीज अपुरी पडली की कधी डिस्क सुटायची, कधी डोंगल. डिस्क थेट लॅपटॉपच्या पोर्टमध्ये लावल्यावर दोन्ही दुखणी थांबली. पोर्टमधून माहिती जाते हे मला ठाऊक होतं. वीजही तिथूनच जाते आणि तिला मर्यादा असते, हे माझ्या ध्यानात कधी आलं नव्हतं.

पेनड्राइव्हने मला अधिक लाजवलं. छापखान्यात द्यायची एका दिवाळी अंकाची पीडीएफ मी पेनड्राइव्हवर कॉपी केली, हिरवी पट्टी पूर्ण भरलेली पाहिली आणि पेनड्राइव्ह ओढून घेतला. छापखान्यात ती फाईल उघडेना. काही वेळा विंडोज माहिती आधी आपल्या मेमरीत घेतं आणि प्रत्यक्ष पेनड्राइव्हवर मागाहून सावकाश लिहितं. ‘सेफली रिमूव्ह’ म्हणजे ते लिहिणं संपवायला सांगणं. २०१८नंतरच्या विंडोज १०मध्ये ही पद्धत बदलली आणि पेनड्राइव्हवर लगेच लिहिलं जाऊ लागलं, पण तेव्हाचं यंत्र तसं नव्हतं. दिवाळीचे दिवस, यंत्रावर पाळी लागलेली. माझी पाळी दुसऱ्याला गेली आणि तो अंक वसुबारसेनंतर बाजारात आला. दिवाळी अंकाच्या विक्रीत त्या चार दिवसांचा अर्थ काय, हे संपादकांनी मला बोलून दाखवलं नाही. पुढच्या वर्षी त्यांनी काम दुसरीकडे दिलं.

आणखी एकदा, सोळा जीबीच्या पेनड्राइव्हवर साडेचार जीबीची एक फाईल मावेना. जागा नाही असं समजून मी त्यावरचे जुने फोटो पुसले. फाईल तरीही गेली नाही. तो पेनड्राइव्ह फॅट ३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला होता आणि त्या पद्धतीत एका फाईलला चार जीबीच्या आतच राहावं लागतं, मोकळी जागा कितीही असो. एक्स-फॅट किंवा एनटीएफएसने फॉरमॅट केल्यावर ती अडचण राहत नाही. पुसलेले फोटो रिसायकल बिनमध्येही नव्हते, कारण पेनड्राइव्हवरचं पुसलेलं तिथे जातच नाही. स्क्रीनवर आलेला संदेश नेमका होता. फाईल या पद्धतीसाठी फार मोठी आहे, असंच त्यात लिहिलं होतं. दुसऱ्यांची प्रुफं अक्षर न् अक्षर वाचणारी मी, समोरचं एक वाक्य शेवटपर्यंत वाचलं नाही.

डॉक्टरांच्या पुस्तकाचं प्रकाशन २०१२ साली त्यांच्याच गावात झालं. जुने फोटो पडद्यावर दाखवायचं मी स्वतःहून पत्करलं होतं; झालेलं नुकसान थोडं तरी भरून निघावं असं मनात होतं. सभागृहातला प्रोजेक्टर व्हीजीए केबलचा होता. निळ्या टोकाची ती केबल, तीन ओळींत पंधरा पिनांची जागा. ती लावताना मी तिरकी धरली आणि बसेना म्हणून जोर दिला. पडद्यावर चित्र आलं, पण सगळं निळसर हिरवं. केबल काढून पाहिली तर मधल्या ओळीत एक पिन नव्हतीच. तीच मोडली असं ठरवून मी केबल बदलायला माणूस पळवला. वास्तविक पुष्कळ व्हीजीए केबलींमध्ये नऊ नंबरची ती पिन मुळातच नसते. वाकली होती ती कोपऱ्यातली पहिली पिन आणि पहिल्या पिनमधून लाल रंग जातो. पोस्टकार्ड दुमडून त्याच्या कडेने ती पिन सरळ करता आली असती. मी तिच्याकडे पाहिलंच नाही. गावात दुसरी केबल मिळाली नाही. डॉक्टरांनी ज्या खिल्लार बैलांवर उपचार केले होते, ते पांढरेशुभ्र बैल लोकांनी हिरवट निळे पाहिले.

शेवटी त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याचं ध्वनिमुद्रित मनोगत लावायचं होतं. ते गृहस्थ अंथरुणाला खिळलेले होते आणि त्यांनी ते आवर्जून बोलून पाठवलं होतं. मी ते सुरू केलं. सभागृहाच्या स्पीकरमधून काही आलं नाही. व्हीजीएतून फक्त चित्र जातं. आवाजासाठी हेडफोनच्या भोकातून वेगळी वायर काढावी लागते. एचडीएमआयमधून चित्र आणि आवाज दोन्ही एकत्र जातात, आणि घरी टीव्हीला मी तीच केबल लावत असल्यामुळे आवाजाचा विचारच केला नव्हता. एका मुलाने लॅपटॉपच्या स्पीकरपाशी माइक धरला. पहिल्या दोन रांगांना काहीबाही ऐकू गेलं. डॉक्टर शेवटपर्यंत कानामागे हात धरून बसले होते.

त्यानंतर कार्यक्रमाच्या ठिकाणी मी आदल्या दिवशी जाऊ लागले आणि आधी केबलचं तोंड, मग तिची पिन न् पिन पाहू लागले. पण एक खोड गेली नव्हती. जे बसतं ते चालतं, हे मी मनातून काढलं नव्हतं. जुन्या पुस्तकांच्या फाईली उघडायला जुनं सॉफ्टवेअर लागतं. त्याचं डोंगल यूएसबीच्याही आधीचं, प्रिंटरच्या पंचवीस पिनांच्या पोर्टला लावायचं. नव्या लॅपटॉपला ते पोर्ट नाही. म्हणून मी एका बाजूला यूएसबी आणि दुसऱ्या बाजूला ते पंचवीस पिनांचं तोंड असलेली केबल आणली. डोंगल चपखल बसलं. सॉफ्टवेअरला ते दिसलं नाही. अशा केबलींना सहसा प्रिंटरशी बोलण्यापुरतंच येतं. जुनं डोंगल पोर्टच्या थेट तारांशी बोलायचं, आणि त्या तारा आता नव्हत्याच. ते समजेपर्यंत मी एका संस्थेला त्यांचा कोश महिन्याभरात नव्या रूपात देते असा शब्द देऊन बसले होते. तो शब्द पाळता आला नाही.

टाइप-सी आल्यावर हेच पुन्हा झालं. २०१४ साली ठरवल्या गेलेल्या या पोर्टचं मोठं सुख म्हणजे ते उलटसुलट कसंही बसतं. माझ्या पुढच्या लॅपटॉपला अशी दोन पोर्टं होती, दिसायला हुबेहूब. एकातून मॉनिटर चालला, दुसऱ्यातून नाही; ॲडॉप्टर बिघडला म्हणून मी तो परत करायला गेले. दुकानातल्या मुलाने लॅपटॉप उचलून कड उजेडात धरली. एका पोर्टशेजारी बारीक विजेची खूण होती, दुसऱ्याशेजारी फक्त यूएसबीचा त्रिशूळ. विजेची खूण म्हणजे थंडरबोल्ट. त्यातून चित्र, माहिती, वीज सगळं जातं. दुसऱ्यातून माहिती जात होती, चित्र नाही. केबलींचंही तसंच. त्याच आकाराच्या केबलींपैकी एक ४८० मेगाबिटच्या जुन्या वेगाने चालते, दुसरी ४० गिगाबिटने, आणि मोबाइलबरोबर आलेली केबल बहुधा जुन्या वेगाची असते. मी अशाच एका केबलने नवी वेगवान डिस्क जोडून वर्षभर वाट बघत बसायची. यूएसबी ३.० चं निळं भोक आणि २.० चं काळं भोक बहुतेकदा निदान रंगाने ओळखू येत होतं. टाइप-सीला तेवढीही सोय नाही, खूण वाचावीच लागते आणि काही यंत्रांवर तर खूणही नसते. मग माहितीपत्रकच काढावं लागतं.

हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी आली तेव्हा मला हायसं वाटलं. फिरणारी चकती नाही, तरंगणारं हेड नाही, टक् टक् नाही. एका जुन्या लॅपटॉपसाठी एम-२ प्रकारची, च्युइंगमच्या पट्टीएवढी एसएसडी मागवली; ती खाचेत बसली, पण यंत्राला दिसली नाही, कारण त्या खाचेला साटा पद्धतीची लागत होती आणि मी एनव्हीएमई आणली होती. ते नुकसान पैशांचंच होतं. खरा धडा वेगळा मिळाला. हार्ड डिस्कवरून चुकून पुसलेला फोल्डर पूर्वी मी सॉफ्टवेअर लावून परत मिळवला होता. पुसणं म्हणजे फक्त नोंद काढणं, मजकूर चकतीवर असतोच, हे मला तेव्हा कळलं होतं. एका कवीच्या संग्रहाची अंतिम फाईल एसएसडीवरून रिसायकल बिनसकट पुसली गेली, तेव्हा त्याच भरवशावर मी निवांत राहिले. मिळालं काहीच नाही. काय पुसलं ते विंडोज एसएसडीला कळवतं आणि एसएसडी नव्या लिखाणासाठी ती जागा खरोखरच रिकामी करून टाकते. हार्ड डिस्क कित्येकदा जाण्याआधी आवाज करते. एसएसडी एका सकाळी नुसती दिसेनाशी होऊ शकते, आधी काही न सांगता. त्या कवितांची एक प्रत मात्र या वेळी दुसऱ्या घरात, दुसऱ्या डिस्कवर होती. आठवड्याची प्रत, म्हणजे तीन दिवसांचंच काम गेलं.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना मी आता पहिल्या दिवशी फॉन्ट दाखवत नाही. लॅपटॉप उलटा करून झाकण उघडते आणि डिस्क दाखवते. मग डिस्क मॅनेजमेंट उघडून तीच डिस्क स्क्रीनवर दाखवते. कडेच्या प्रत्येक पोर्टमधून काय जातं आणि काय जात नाही, हे त्यांना माझ्यासमोर लावून पाहायला सांगते. प्रत घेतली असं कोणी म्हणालं, की ती प्रत दुसऱ्या यंत्रावर उघडून शेवटचं पान दाखवायला सांगते. या सगळ्याला एक दिवस जातो. मला इतकी वर्षं लागली, कारण तो एक दिवस मी कधी दिला नाही.

आता एका वेगळ्या गोष्टीची काळजी वाटते. नव्या लॅपटॉपांना डीव्हीडी ड्राइव्ह राहिलेला नाही. मी यूएसबीवर चालणारा बाहेरचा ड्राइव्ह घेतला आणि ओळखीच्या प्रकाशकांच्या जुन्या सीडी वाचून द्यायला लागले. आपण घरी लिहायच्या त्या सीडीवर माहिती एका रंगद्रव्याच्या थरात उमटवलेली असते आणि उष्णतेने, उजेडाने तो थर खराब होत जातो. काही सीडी सहज वाचल्या गेल्या. काहींवर फाईलींची नावं दिसली, मजकूर आला नाही. काहींवर पेजमेकरची पानं सुखरूप होती, पण युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये. तो फॉन्ट आणि त्याचं डोंगल असलेला जुना डेस्कटॉप मी अजून चालू ठेवला आहे, म्हणून ती वाचता आली. त्याचा पॉवर सप्लाय मी दोनदा बदलला आहे. तो बंद पडेल तेव्हा पंचवीस पिनांचं पोर्ट असलेलं दुसरं यंत्र मला सहज मिळणार नाही.

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धापासून पुढच्या दहा-पंधरा वर्षांतली पुष्कळ मराठी पुस्तकं अशा सीडींवर, अशा फॉन्टांत पडून आहेत. त्यांतली कित्येक पुन्हा छापली गेली नाहीत. कपाटात सीडी आहे म्हणजे पुस्तक आहे, असं प्रकाशक धरून चालले आहेत. ईवर प्रत आहे म्हणजे पुस्तक आहे, असं मीही धरून चालले होते. ज्यांच्याकडे अशा सीडी आहेत त्यांनी त्या याच वर्षी एकदा ड्राइव्हमध्ये घालून उघडून पाहाव्यात. वाचायला यंत्र नसेल तर माझ्याकडे आणाव्यात. माझ्याकडे अजून आहे.